'वार खाली आहे' एवढे सांगून भागत नाही

संपादक महोदय,

माझ्या धाकट्या बहिणीच्या पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी अहवालात वार (बाळाला पोषण पुरवणारा, गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला अवयव, म्हणजे प्लासेंटा) खाली, गर्भाशयमुखाजवळ असल्याची नोंद होती. डॉक्टरांनी त्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली आणि "जपून राहा" एवढेच सांगितले. जपून म्हणजे कसे, हे ना त्यांनी सांगितले, ना आम्ही विचारले. घरच्यांनी मात्र तिला तीन आठवडे अंथरुणावरून उठू दिले नाही. झोपून राहिल्याने वार वर सरकत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले. (वार म्हणजे नाळ नव्हे, हेही पुष्कळांना सांगावे लागते.)

विसाव्या आठवड्याच्या सुमारास वार खाली दिसणे तसे नेहमीचेच. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे वाढत व ताणला जात असल्यामुळे दहांपैकी साधारण नऊ जणींमध्ये ती प्रसूतीपूर्वी गर्भाशयमुखापासून दूर गेलेली असते. ती गेली की नाही, हे ३२व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी केल्याशिवाय समजत नाही, आणि तेव्हाही ती खालीच असेल तर ३६व्या आठवड्याला आणखी एकदा पाहावे लागते. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी यासाठी अधिक अचूक आणि सुरक्षितही असते; धोका असतो तो वारेची जागा ठाऊक नसताना बोटांनी आतून तपासण्यात.

चौतिसाव्या आठवड्यात एका पहाटे बहिणीच्या चादरीवर बशीएवढा लालभडक डाग दिसला. पोटात कळ नव्हती, म्हणून "उजाडल्यावर पाहू" असे घरात जवळजवळ ठरलेच होते. खाली असलेल्या वारेतून होणारा रक्तस्राव बहुधा असाच, न दुखता होतो, आणि माणसे फसतात ती इथेच. याउलट वार अवेळी सुटू लागली तर पोट दुखते, कडक होते आणि रक्त आतच साठल्यास बाहेर थोडेच दिसू शकते. यांपैकी काहीही झाले तरी तत्काळ रुग्णालय गाठायला हवे. बहीण वेळेत पोहोचली आणि पुढे सिझेरियन होऊन मायलेक सुखरूप घरी आले.

आधी सिझेरियन झालेल्या स्त्रियांबाबत तर अधिकच दक्षता हवी. वार खाली असून जुन्या व्रणावर आली असेल, तर ती गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसण्याचा संभव एका सिझेरियननंतर सुमारे ११, दोनांनंतर ४० आणि तिनांनंतर ६१ टक्क्यांपर्यंत जातो. अशी प्रसूती भरपूर रक्ताची सोय आणि अनुभवी शल्यचिकित्सक असतील तिथेच, तीही आधी ठरवून व्हावी.

माझी मागणी साधी आहे. अहवालातील त्या ओळीखाली पुढच्या सोनोग्राफीचा आठवडा, आधीच्या सिझेरियनची नोंद आणि रक्त दिसल्यास कुठे जायचे, हे घरच्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहून द्यावे. बहिणीच्या अहवालावर त्यासाठी अर्धे पान कोरे होते.

आपली,
एक वाचक