अंबडच्या वायरमनदादांना आभाराचं पत्र

नाशिक

वायरमनदादा,
सप्रेम नमस्कार.

गाडीत इंडक्शन शेगडी चालवायची म्हटलं की जो तो विचारतो, इन्व्हर्टर किती वॉटचा घेऊ? तुमचा पहिला प्रश्न असतो, बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत केबल किती लांब आणि किती स्क्वेअर एमएमची? नाशिकच्या आम्हा मोटारहोमवाल्यांच्या (राहण्या-स्वयंपाकाची सोय केलेल्या) गाड्यांत आज विनाकटकट स्वयंपाक होतो, त्याचं मूळ या प्रश्नात आहे. तुमचे आभार उघड पत्रातून मानतोय, म्हणजे तुम्ही शिकवलेलं दुसऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

तुम्ही बिलाच्या पाठीमागे मांडून दिलेला हिशेब आम्ही जपून ठेवलाय. २००० वॉटची शेगडी घरच्या २३० व्होल्टवर जेमतेम ९ अँपिअर घेते. तीच १२.८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर, इन्व्हर्टरमध्ये दहा टक्के वाया जातात असं धरून, साधारण १७५ अँपिअर ओढते. इन्व्हर्टर दीड मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तीन मीटर तांबं. केबल १६ स्क्वेअर एमएमची असेल तर अर्ध्या व्होल्टहून जास्त वाटेतच पडतो आणि जवळजवळ १०० वॉट केबल तापवण्यात जातात. ७० ची टाकली तर घट ०.१३ व्होल्टवर येते.

पण केबलपेक्षा तुमचा डोळा लगवर, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर असतो, आणि ते किती बरोबर आहे हे मीटरने दाखवलंत. जोडात फक्त एक मिलिओहम रोध राहिला तरी १७५ अँपिअरला तिथे ३० वॉट तयार होतात. म्हणजे सोल्डरिंग आयर्न बॅटरीच्या टर्मिनलला टेकवून ठेवल्यासारखंच. शेगडी फुल लावायची, मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवायचा, एक टोक थेट टर्मिनलच्या खांबावर, दुसरं लगच्या नळीवर. दहाच्या आसपास आकडा असेल तर जोड उत्तम. पन्नासच्या वर गेला की शेगडी बंद करून लग काढायचा, घासायचा, हायड्रॉलिक क्रिम्परने नवा दाबायचा. बहुतेक वेळा दोष एका वॉशरचा निघतो: लग आणि टर्मिनलच्या मध्ये स्टीलचा वॉशर घातलेला असतो आणि सगळा करंट त्यातून जातो. लग थेट टर्मिनलवर, वॉशर त्याच्या वर. एवढंसं काम, पण केबल जळतात त्या इथूनच.

नव्या गाडीला तुम्ही २४ व्होल्टचा आग्रह धरता, तोही आता पटलाय. आठ सेलची बॅटरी, २५.६ व्होल्ट, करंट निम्मा म्हणजे ८७ अँपिअर, आणि त्याच रोधात उष्णता चौथा हिस्सा. ३५ स्क्वेअर एमएम चालते, तुम्ही ५० टाकता. दिवे, पंखा, पाण्याचा पंप यांच्यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लागतो आणि अल्टरनेटरवरून चार्ज करायला १२ चे २४ करणारा चार्जर. खर्च वाढतो, पण शेगडी रोज वापरायची असेल तर आमच्या मते यात कंजुषी करू नये.

घरातला ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी उचलून गाडीत ठेवू पाहणाऱ्यांना तुम्ही दरवेळी न चिडता समजावता. तो इन्व्हर्टर ७०० वॉटच्या आसपास दमतो. बॅटरीवरचे १५० एएच वीस तासांच्या हिशेबाचे, म्हणजे साडेसात अँपिअरचे. पावणेदोनशे ओढले की व्होल्टेज काही मिनिटांत कोसळतं आणि लो-बॅटरीची शिटी वाजते. शिवाय इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या विजेची लाट शुद्ध साइन, म्हणजे घरच्या विजेसारखी गोलसर हवी. चौकोनी लाटेवर शेगडी गुरगुरते, तापते किंवा एरर दाखवून बंद पडते.

शेगडी ३०० वॉटवर ठेवली म्हणून इन्व्हर्टर लहान घेता येत नाही, हेही तुमच्यामुळे कळलं. बऱ्याच स्वस्त शेगड्या मंद आचेवर काही सेकंद हजारेक वॉट घेतात, मग थांबतात, पुन्हा घेतात. आमटी मंद उकळत असली तरी इन्व्हर्टरवर दरवेळी येणारा भार मोठाच.

दोन छोटे इन्व्हर्टर जोडून एक मोठी शेगडी चालवण्याचा नाद तुम्ही अनेकांचा सोडवलात. दोन साध्या इन्व्हर्टरचे आउटपुट एकत्र केले की दोघांच्या लाटा जुळत नाहीत, एक दुसऱ्यात करंट ढकलतो आणि ट्रान्झिस्टर उडतात. सिंक केबलने पॅरलल चालायला बनवलेले असतील तरच जोडावेत. नाहीतर दोन सुट्या शेगड्या, दोन सुटे सॉकेट, ज्याचा त्याचा इन्व्हर्टर. मुक्कामाच्या ठिकाणी घेतलेल्या बाहेरच्या वीज लाइनचंही तसंच, मध्ये एका वेळी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच. इन्व्हर्टरवर चालताना न्यूट्रल आणि अर्थ एका ठिकाणी जोडलेले नसतील तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) नुसती शोभेची राहते. बाहेरच्या लाइनवर गेलं की तोच जोड सुटला पाहिजे. हे काम स्वतःच्या हाताने करू नका, असं तुम्ही आम्हाला बजावलंत. आम्हीही इतरांना तेच सांगतो.

२४ व्होल्टच्या गाडीला फ्यूज क्लास-टीचा, १५० अँपिअर, बॅटरीपासून वीतभर अंतरात. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते; साधा फ्यूज वितळतो, पण आतली ठिणगी चालूच राहते. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्याचे कपॅसिटर एकदम करंट ओढतात, बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) ट्रिप होते. ५० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर दहा-पंधरा सेकंद मध्ये धरला की झालं.

सीटखाली कोंडलेल्या इन्व्हर्टरला तुम्ही खाली-वर दोन जाळ्या पाडून दिल्यात, ते एप्रिलच्या उन्हात कळतं. ३००० व्हीएचं चांगलं यंत्र २५ अंशांना २४०० वॉट देतं, ४० अंशांना २२००. उलट जानेवारीत निफाडकडे मुक्काम असेल तर बॅटरी केबिनच्या आत हवी, कारण शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज केले की कायमचे बिघडतात.

युनिटचा हिशेबही सरळ झाला. लिटरभर पाणी उकळायला ०.१ युनिट, कुकरच्या वरण-भाताला पाव ते एक तृतीयांश, चौघांच्या दिवसाला एक-सव्वा युनिट. २४ व्होल्ट, १०० एएच बॅटरीतून दोन युनिट बिनधास्त वापरता येतात. ३६० वॉटच्या चार्जरने एक युनिट परत भरायला तीन तास गाडी चालवावी लागते, म्हणजे कसारा घाट उतरून मुंबई गाठेपर्यंत भरपाई होते. पावसाळ्यात त्र्यंबकला ढगाखाली दोन दिवस राहायचं असेल तर सोलरच्या भरवशावर राहू नये.

भाकरीची युक्ती मात्र वहिनींची. कॉइल मधोमध असते, त्यामुळे मोठ्या भाकरीच्या कडा कच्च्या राहतात. तवा जाड लोखंडी घ्यायचा, भाकरी कॉइलएवढीच थापायची आणि उलटल्यावर फडक्याने कडेकडेने दाबत फिरवायची. आचेशिवायही फुगते.

तुम्ही केबल आणि लगचेच पैसे घेता, समजावण्यात गेलेल्या वेळाचे घेत नाही. गाडी खडखडाटात चालते, नटबोल्ट ढिले होतात, म्हणून पावसाळ्याआधी सगळ्यांच्या गाड्यांचे जोड तपासायला आणणार आहोत. त्या दिवसाची मजुरी आधीच ठरवून कळवा, ती घेतल्याशिवाय आम्ही गाड्या हलवणार नाही. वहिनींना नमस्कार सांगा.

आपले ऋणी,
नाशिकची मोटारहोमवाली मंडळी