बाबा, मी तेव्हा सही केली नव्हती

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा तुम्ही म्हणालात की दिवाळीत चिऊला कुठे पण ने, कमाटी बागेत ने, लक्ष्मी विलास दाखव, सूरसागरला चक्कर मार, पण त्या पाळण्यांच्या नि राइडच्या जवळपास न्यायचं नाही. आणि मग थोडं थांबून विचारलंत, "तू सहा वर्षं अम्युझमेंट पार्कात होतास, खरं सांग, हे सगळं बघतं कोण?" मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो, मागे लोक होते, काहीतरी हो-हो करून फोन ठेवला. पण तीन दिवस झाले, प्रश्न डोक्यातून जात नाही. फोनवर मला नीट सांगता येत नाही म्हणून लिहितोय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, बाबांचा चष्मा बदलायचा राहिलाय हे मला माहिती आहे.

तुमची भीती मला कळते. हरणीचा तलाव आपल्या घरापासून लांब नाही. १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, बोटीत माणसं जास्त भरलेली आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. आई तू त्या रात्री जेवली नव्हतीस. मग मे महिन्यात राजकोटचा गेम झोन जळाला, २७ माणसं. त्याआधी २०१९ ला अहमदाबादला कांकरियाची राइड तुटलेली. मी आता लिफ्टच्या कंपनीत आहे, पार्क सोडून चार वर्षं झाली, तरी अशी बातमी आली की माझा हात आपोआप खिशात जातो, कुलूप चाचपायला. त्या कुलुपाचं पुढे सांगतो.

मी तिथे काय करायचो ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. ताईच्या लग्नात कोणीतरी विचारलं मुलगा काय करतो तेव्हा बाबा तुम्ही म्हणालात खासगी कंपनीत मेंटेनन्सला आहे, आणि विषय बदललात. खोटं काही नव्हतं, पण मला लागलं होतं. मला वाटलं की मेळ्यातला पाळणेवाला म्हणायची तुम्हाला लाज वाटते. आता वाटतं मीच सांगायला हवं होतं.

पहिला उन्हाळा मी राइडवर नव्हतोच. मे महिन्याची गर्दी, माणसं कमी, नवीन पोरांना सरळ मॅस्कॉटच्या ड्रेसमधे घालायचे. मी हत्ती होतो. बाहेरून गोंडस दिसतो पण आत फोम, फर, आणि बघायला फक्त तोंडाच्या जागी जाळी, पायाखालचं काही दिसत नाही म्हणून हात धरून न्यायला एक मुलगा बरोबर असतो. वीस मिनिटं बाहेर, मग आत येऊन डोकं काढायचं, लिंबूपाणी प्यायचं, बनियन पिळायचा, परत जायचं. डोक्याच्या आत रोज संध्याकाळी स्पिरिट फवारायचे, तो वास अजून नाकात आहे. दोन नियम कडक. बोलायचं नाही, आणि पोरांसमोर डोकं काढायचं नाही, चक्कर आली तरी नाही, खाली बसायचं आणि हाताने खूण करायची. एकदा आतला पट्टा तुटला आणि डोकं डुगडुगायला लागलं, तेव्हा आई तू बॅगेत दिलेली सुईदोऱ्याची डबी कामाला आली, दुहेरी दोरा घेऊन तू शिकवलेले पक्के टाके घातले, ते टाके सीझन संपेपर्यंत टिकले.

त्या हत्तीत असताना एक मुलगी आली, पाच-सहा वर्षांची असेल. बाकीची पोरं सोंड ओढतात, पोटावर गुद्दे मारतात, ही आली आणि कानाला लागून म्हणाली, "माझे आजोबा देवाघरी गेले, तुला माहितीये का?" जाळीतून मला फक्त तिच्या केसातला लाल रिबिनीचा तुकडा दिसत होता. बोलता येत नव्हतं. मी तो मोठा फोमचा पंजा तिच्या डोक्यावर ठेवला आणि ती निघेपर्यंत काढला नाही, मागे रांग ओरडत होती तरी. त्या रात्री मी तुम्हाला फोन केलेला आणि काहीच कारण नव्हतं, बाबा तुम्ही विचारलंत पैसे हवेत का.

पावसाळ्यानंतर मला मोठ्या कोस्टरवर टाकलं, आधी ऑपरेटर, मग मेंटेनन्स. आणि बाबा, इथून पुढचं सगळं तुमचं आहे.

ट्रेनिंगला पहिल्या दिवशी सांगितलं की रोलर कोस्टर म्हणजे पाळणा नाही, रेल्वे आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियामधे १८२७ ला कोळसा डोंगरावरून खाली आणायला रूळ टाकले होते, वाघिणी उतारावर आपोआप खाली यायच्या, खेचरंही गाडीत बसून खाली यायची आणि रिकाम्या वाघिणी ओढत वर न्यायची, पुढे लोकच पैसे देऊन त्यात बसायला लागले. मग १८८४ ला न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर थॉम्पसन नावाच्या माणसाने मुद्दाम मजेसाठी तसली गाडी बांधली, पाच सेंट तिकीट. सगळी पोरं जांभया देत होती आणि मला तुमची डभोई-मियागाम लाइन आठवत होती, १८६२ ला गायकवाडांची गाडी सुरुवातीला बैलांनी ओढलेली, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंय, प्रतापनगर स्टेशनला नेऊन दाखवलंय. मी हात वर करून ते सांगितलं पण. सरांना माहिती नव्हतं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

नंतर त्यांनी ब्लॉक शिकवले. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात, एका भागात एकच गाडी, पुढचा भाग मोकळा झाल्याचं सेन्सरने सांगितल्याशिवाय मागची गाडी ब्रेक सोडतच नाही. डिस्नीलँडच्या मॅटरहॉर्न कोस्टरवर १९५९ पासून हे आहे, त्यामुळेच एका ट्रॅकवर जास्त गाड्या सोडता आल्या. लोकांना हे समजवायला दोन दिवस लागले, मला दोन मिनिटं, कारण तुम्ही जेवताना चमच्यांच्या गाड्या करून मला ब्लॉक सेक्शन समजवला होता, मी चौथीत असेन. ब्रेकचंही तसंच. तुमच्या व्हॅक्यूम ब्रेकमधे पाइप फुटला की ब्रेक आपोआप लागतो, गाडी उभी. आमच्याकडे स्प्रिंगने ब्रेक आवळलेला असायचा आणि हवेचं प्रेशर तो सोडवायचं, म्हणजे हवा गेली, लाइट गेली, काहीही झालं तरी गाडी थांबणार. चढावर साखळी गाडी ओढते तेव्हा जो कट-कट-कट आवाज येतो ना, लोकांना वाटतं घाबरवायला ठेवलाय, तो खरा तर गाडी मागे घसरू नये म्हणून असलेल्या खुंटीचा आवाज आहे, एकेका दात्यावर पडत जाते. आणि गाडी उलटी झाली तरी पडत का नाही, तर चाकांचे तीन सेट असतात, वरून, बाजूने आणि रुळाच्या खालून, खालच्या चाकांचं पेटंट मिलर नावाच्या माणसाने १९१९ ला घेतलं. चिऊला हे मी चमच्यांनीच शिकवणार आहे.

आता तुमचा प्रश्न, बघतं कोण. पहाटे साडेपाचला आम्ही बघायचो. पार्क अकराला उघडायचं, तोपर्यंत मागच्या बाजूला वेगळंच गाव असतं. पुढून किल्ला आणि महाल, मागून पत्रा, डिझेलचा वास, झाडूवाल्या मावशींचा चहा, धुतलेले हत्ती-अस्वलं वाळत घातलेले. फ्लोरिडाच्या मोठ्या डिस्नी पार्कात तर १९७१ ला उघडलं तेव्हापासून खाली अख्खे बोगदे आहेत म्हणे कामगारांना ये-जा करायला, जमिनीत पाणी वर असल्यामुळे खणले नाहीत, बोगदे आधी जमिनीवर बांधले आणि पार्क त्यांच्यावर. आमच्याकडे बोगदा कसला, हिरव्या पत्र्याचं कुंपण. पण काम तेच. टॉर्च घेऊन ट्रॅकच्या बाजूच्या जिन्याने वर जायचं, नटबोल्टवर मारलेली रंगाची रेघ सरकलीय का बघायचं, रेघ तुटलेली म्हणजे नट फिरलाय. चाकं हाताने फिरवून ऐकायची. बेअरिंग चांगलं असेल तर सुळकन फिरतं, खराब असेल तर बारीक खरखर येते, ती कानापेक्षा बोटाला आधी कळते. मला ते लवकर जमलं. सगळे विचारायचे कसं काय, मी सांगायचो माझे वडील रेल्वेत टीएक्सआर, म्हणजे गाड्या तपासणारे होते, जंबूसरच्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारत जायचे, टणक वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर चाकाला तडा. आणि आई माठ घेताना वाजवून घेते. आमच्या घरात वाजवल्याशिवाय काही घेत नाहीत.

आता कुलूप. ट्रॅकवर चढण्याआधी राइडचा मेन स्विच बंद करायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, वर तुमचं नाव आणि फोटो. चार माणसं वर तर चार कुलुपं. किल्ली तुमच्याच खिशात, मालक आला तरी दुसऱ्याचं कुलूप काढायचं नाही. माझं लाल होतं.

एकदा दुपारी सेन्सर बिघडला आणि भरलेली गाडी चढावर थांबली. म्हणजे यंत्रणेने करायचं तेच केलं, पण वर बसलेल्या माणसाला ते कोण सांगणार. आम्ही जिन्याने वर गेलो, एकेकाचा मांडीवरचा बार हाताने सोडवून खाली आणायचं. सातव्या ओळीत एक गुजराती आजी होत्या, नातवाने हट्टाने बसवलेल्या, दोन्ही हातांनी बार धरून डोळे मिटून बसलेल्या. हिंदीत सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मी म्हटलं, "बा, नीचे ना जोशो, मारी सामुं जुओ," खाली नाही, माझ्याकडे बघा. त्यांनी डोळे उघडले. मी उलटा, पाठ उताराकडे, दोन्ही हात त्यांच्या हातात, एकेक पायरी. मधेच थांबून विचारतात, तू कुठला? म्हटलं बडोद्याचा, दांडिया बझार. "तो तो घरनो छोकरो," म्हणाल्या आणि पुढच्या पायऱ्या भराभर उतरल्या. खाली आल्यावर त्यांनी पर्समधून लीलो चेवड्याची पुडी काढून माझ्या हातात कोंबली.

आता जे कधीच सांगितलं नाही ते. पार्क सोडलं तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं की पगार कमी आहे. पगार कमीच होता पण ते कारण नव्हतं.

शेवटच्या वर्षी मे महिन्यातला शनिवार होता. सकाळी माणसं बसवायच्या आधी गाडी रिकामी फिरवायची असते, ठरलेले फेरे, मग पाण्याने भरलेले पुतळे बसवून, आणि मग लॉगबुकात सही. त्या दिवशी आदल्या रात्री एक चाक बदललं होतं म्हणून फेरे जास्त घ्यायचे होते आणि उशीर झाला, गेटवर गर्दी, वरून फोनवर फोन. वरचे साहेब स्वतः आले आणि म्हणाले फेरे झाले असं लिही, सही कर, चालू कर, बदललेलं चाक नवीनच तर आहे. मी पेन हातात घेतलं होतं बाबा. खोटं नाही सांगत, पेन कागदावर टेकवलं होतं.

आणि मला प्रतापनगर आठवलं. मी सातवी-आठवीत असेन, डबा द्यायला आलो होतो, गाडी सुटायची वेळ टळून गेलेली, पॅसेंजर ओरडतायत, कोणीतरी साहेब तुमच्यावर चिडलाय की ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर, गाडीचे ब्रेक ठीक असल्याच्या कागदावर, सही का नाही, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब, एक ब्रेक धरत नाही. दुरुस्त झाला की करतो." एवढंच. तो ओरडत राहिला, तुम्ही परत खाली वाकलात. मग माझ्या हातातून डबा घेतलात आणि म्हणालात भाजी कोणती आहे.

मी पेन उचललं. म्हटलं सर, फेरे पूर्ण होऊ देत, पस्तीस मिनिटं. त्यांनी दुसऱ्या कोणाला सही करायला सांगितलं, पण माझं लाल कुलूप स्विचवर होतं आणि किल्ली माझ्या खिशात. पस्तीस मिनिटांनी मी कुलूप काढलं, सही केली, राइड चालू झाली. त्या फेऱ्यांमधे काहीच निघालं नाही, चाक व्यवस्थित होतं. सोमवारी मेमो आला, मला पार्किंगला टाकलं, आणि ऑगस्टमधे मी राजीनामा दिला. तुम्हाला सांगितलं नाही कारण मला भीती होती की तुम्ही म्हणाल नोकरी टिकवता येत नाही.

म्हणून सांगतो, बघतं कोण याचं उत्तर कंपनीच्या नावात नाही, लॉगबुकावर सही करणारा कोण आहे त्यात आहे. तुम्ही घाबरता ते बरोबरच आहे. मी पण चिऊला कुठेही बसवत नाही. आधी उभा राहून दोन फेरे बघतो, ऑपरेटर प्रत्येकाचा बार खाली दाबून परत वर ओढून बघतो का, उंचीची पट्टी खरंच लावतात का की आईबाप भांडले की सोडतात, कंटाळून मोबाइल बघतोय का. एखाद्या पोराला कमी उंचीमुळे परत पाठवताना दिसला की मला त्या माणसाला जाऊन भेटावंसं वाटतं. चिऊ ११८ सेंटिमीटर आहे, मोठ्यात बसायला अजून बराच वेळ आहे, तोपर्यंत तुम्ही निवांत राहा. आणि ती १४० ची होईल तेव्हा आधी तुम्ही आणि मी जाऊन बघून येऊ.

आम्ही धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी पोचतो. आई, फराळाचं एकटीने सगळं काढू नकोस, करंज्या मी आल्यावर करू, लाटायला मी आहे. आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची बाबांची ती लांब दांड्याची हातोडी भंगारवाल्याला देऊ नकोस, मागच्या वेळी तू देऊन टाकू म्हणत होतीस. मला ती हवी आहे. लाल कुलूप मी घेऊन येतोय, सोडताना त्यांनी मागितलं नाही, मीही दिलं नाही.

तुमचा,
बाळ्या