मित्राच्या शब्दावर प्लॉट घेण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर बेसा, जामठा, हिंगणा, उमरेड रोड या पट्ट्यात नवी ले-आऊट निघतात आणि नागपुरातल्या नोकरदार माणसाची आयुष्यभराची जमा त्यांत जाते. यातले बरेच व्यवहार जाहिरात वाचून होत नाहीत. ऑफिसातला किंवा शेजारचा जिवाभावाचा मित्र ‘मी घेतला, तूही डोळे मिटून घे’ म्हणतो आणि बयाणा दिला जातो. कागद मागितले तर त्याला वाईट वाटेल, या एका भिडेपोटी घर बुडतं.

हा मित्र खोटारडा असतोच असं नाही. ले-आऊटवाले गिऱ्हाइकालाच गिऱ्हाईक आणायला लावतात. ‘दोन-तीन जण आण, तुझे शेवटचे हप्ते माफ’ असं तोंडी ठरतं. त्याचेही पैसे अडकलेले असतात. पण मोबदला रोख असो की हप्त्यात सूट, असं काम करणारा २०१६ च्या रेरा कायद्यात (घर-प्लॉटच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) एजंटच धरला जाऊ शकतो आणि एजंटाला नोंदणी लागते. नसेल तर दिवसाला १०,००० रुपये दंड आहे. म्हणून मित्राला सरळ विचारावं: तुला यात काय मिळतं? आणि तुझी स्वतःची रजिस्ट्री झाली का? झाली असेल तर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) दाखव. पुष्कळदा त्याच्याकडे निघतात त्या पावत्या, फार तर ५०० रुपयांच्या स्टॅम्पवरचं नोटरी केलेलं इसारपत्र. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. इसारपत्राने किंवा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे.

आता कागद. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर निघतो, तो आपणच काढावा. मित्राने पाठवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. त्यात भोगवटादार वर्ग पाहावा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री अडते. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, कूळ, कोर्टाची नोंद असते आणि घाईत नेमका तोच वाचायचा राहतो. मग फेरफार, म्हणजे मालकी-बदलाच्या नोंदी. मूळ मालक वारला असेल तर मुलींची नावं वारसांत लागली आहेत का, हे बारकाईने बघावं. भावांनीच सह्या करून विकलेली जमीन पुढे बहिणीच्या दाव्यात अडकते आणि दावा वर्षानुवर्षं चालतो. एकाच सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं दिसली तर प्लॉट न पाडता अविभक्त हिस्सा विकला जात असावा. त्यात तुमचा तुकडा नेमका कुठला, हे कोणताच कागद सांगत नाही. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (जमिनीच्या मागच्या व्यवहारांचा शोध) घ्यावा. वकील आपला असावा, ले-आऊटवाल्याने सुचवलेला नको.

अकृषक आदेश (शेतजमीन बिगरशेती वापराला लावण्याचा) आणि मंजूर नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; मंजूर नकाशा तर लागतोच. नकाशावर ‘तात्पुरती मंजुरी’ आहे की ‘अंतिम’, हे शिक्क्याजवळच्या ओळीत असतं. तात्पुरत्या नकाशातले प्लॉट मोजणीत सरकतात, लहान होतात. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये १० टक्के जागा खुली सोडावी लागते. रंगीत पत्रकावरचा ‘गार्डन फेसिंग कॉर्नर’ मंजूर नकाशात याच खुल्या जागेत पडलेला निघू शकतो. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून प्लॉट नंबर, चारही बाजूंची मापं आणि समोरच्या रस्त्याची रुंदी जुळवावी. डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, आराखड्यात बघावा; नाला आणि विजेची हाय टेन्शन लाइन जागेवर उभं राहूनच बघावी.

‘आरएल (रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) पुढे होऊनच जाईल’ हे वाक्य या शहरात सर्वांत महाग पडलं आहे. पूर्वी नियमित झालेल्या ५७२ आणि १९०० ले-आऊटची आठवण देऊन ते पटवलं जातं. पण अनधिकृत तुकडे नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांपुरती वाढली. आज पाडलेल्या अनधिकृत प्लॉटला त्याचा आधार नाही. आरएल नाही म्हणजे बांधकामाचा नकाशा मंजूर होणार नाही आणि गृहकर्जालाही अडचण येणार.

रेरा नोंदणी ५०० चौरस मीटरवरच्या जमिनीला लागते. दीड हजार फुटांचे चार प्लॉट पडले तरी ती हद्द ओलांडली जाते. प्रकल्पाचा ‘पी’पासून सुरू होणारा नंबर महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर टाकून बघावा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं पत्रक हीसुद्धा जाहिरातच आहे, त्यातही तो हवा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. २४ किंवा ३६ हप्ते भरून शेवटी रजिस्ट्री, ही पद्धत इथे रूढ असली तरी या नियमाच्या विरुद्ध आहे.

पैसे देऊन बसलेल्यांसाठी: महारेराकडे तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये आहे. करार पाळून घेण्याच्या दाव्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षं, त्यामुळे ‘पुढच्या पाडव्याला रजिस्ट्री लावून देतो’ यावर वर्षं घालवू नयेत. मित्राचे सगळे मेसेज जपून ठेवावेत. परताव्याचा चेक मिळाला तर तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत टाकावा. न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी, आणि रक्कम खात्यात जमा होईपर्यंत मूळ पावत्या कुणाच्याही हाती देऊ नयेत, मध्यस्थी करणाऱ्या मित्राच्याही नाही.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर