स्वतंत्र सदस्याच्या खुर्चीवर कोण?

महोदय,

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, म्हणजे मजुरीचे जुने कायदे एकत्र करणारा नवा कायदा, लागू झाली, तेव्हापासून पीएफ, ग्रॅच्युइटी आणि हातात पडणारा पगार यांवर आपल्या पानांत भरपूर चर्चा झाली. किमान वेतनाचे दर ठरवताना राज्य सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळावर कोण बसणार, याबद्दल मात्र काही वाचल्याचे आठवत नाही. मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान, शिवाय एक तृतीयांशापर्यंत ‘स्वतंत्र’ सदस्य, ही मांडणी 1948 च्या किमान वेतन कायद्यातही होती. त्या स्वतंत्र खुर्च्यांवर बहुधा सरकारी अधिकारीच बसत आले आहेत.

यावरून मला ब्रिटनचे प्राध्यापक विल्यम ब्राऊन आठवतात. आधी वॉरिक आणि मग केंब्रिज विद्यापीठात त्यांनी औद्योगिक संबंध, म्हणजे मालक-कामगार संबंध, हाच विषय आयुष्यभर धरला. सुरुवातीचे संशोधन इंजिनिअरिंग कारखान्यांतल्या नगावरच्या मजुरीवर. लेबर लॉच्या संध्याकाळच्या वर्गात आमच्या सरांनी त्यांच्या एका लेखाची झेरॉक्स हातात ठेवली, तेव्हा मी पिंपरीच्या एका कारखान्यात युनियनचे काम बघत होतो. लेखाचे म्हणणे असे, की शॉपमधले, म्हणजे कारखान्याच्या विभागातले, अर्धे नियम करारात नसतातच. फोरमनने एकदा काणाडोळा केला की पायंडा पडतो आणि पुढे तो हक्क होतो. आमच्या ग्राइंडिंग शॉपमध्ये दुसऱ्या पाळीचे लोक सायरनच्या पंधरा मिनिटे आधी मशीन बंद करून हात धुवायला जात. नव्या मॅनेजरने त्यावर नोटीस लावली आणि सगळे शॉप थांबले. करार चाळून साहेब थकले. त्यात हात धुण्याचा उल्लेखच नव्हता!

असा माणूस 1997 साली ब्रिटनच्या लो पे कमिशनवर, म्हणजे किमान वेतनाचा दर सुचवणाऱ्या आयोगावर गेला आणि दहा वर्षे राहिला. त्यात नऊ सदस्य: तीन कामगार संघटनांचे, तीन मालकांच्या बाजूचे, अध्यक्ष धरून तीन स्वतंत्र. अध्यक्ष जॉर्ज बेन हेही याच विषयाचे प्राध्यापक. ही मंडळी देशभर हिंडली, कमी पगारावरच्या कामगारांशी आणि छोट्या मालकांशी बोलली. पहिला अहवाल एकमताने आला. 1 एप्रिल 1999 पासून प्रौढांना तासाला किमान 3.60 पौंड लागू झाले. संघटनांना ते तोकडे वाटले, तर विरोधक म्हणत होते की नोकऱ्या धडाधड जातील. तसे झाले नाही. कमिशन दर ठरवून घरी गेले नाही. परिणाम तपासत राहिले आणि पुढचा दर त्यावरून सुचवत गेले. ब्राऊन 2019 मध्ये वारले.

आपल्याकडे त्याच साली केंद्राच्या सत्पथी समितीने किमान वेतन रोजी 375 रुपये सुचवले होते. समितीत अभ्यास होता, हिशेब होता. केंद्राने रोजच्या मजुरीची राष्ट्रीय किमान पातळी 176 वरून 178 रुपये केली. दोन रुपये! चहासुद्धा येत नाही त्यात.

कमिशनचा सल्ला मानलाच पाहिजे असे बंधन ब्रिटनच्या सरकारवरही नाही. पण तिथे अहवाल छापला जातो, आणि सल्ला बाजूला सारला तर कारण द्यावे लागते. राज्य सरकारला माझे दोनच आग्रह आहेत: स्वतंत्र जागांवर मजुरीचा अभ्यास केलेली, शॉप फ्लोअर आणि ठेकेदाराचा मस्टर पाहिलेली माणसे नेमा, आणि त्यांची शिफारस जशीच्या तशी संकेतस्थळावर टाका. दर बदलायला पाच वर्षे थांबलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. ती कमाल मुदत आहे.

– एक निवृत्त कामगार प्रतिनिधी, चिंचवड