पार्ट नंबर तोच, चॅसिस मात्र १२ मिलीमीटर रुंद

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : १/१० फोर-व्हील ड्राइव्ह ऑफ-रोड बग्गीची बदली चॅसिस मूळ मापाची न मिळाल्याबाबत

महोदय,

तुमच्या कंपनीची १/१० फोर-व्हील ड्राइव्ह बग्गी, म्हणजे एक-दशांश मापाची, रिमोटवर चालणारी गाडी, मी गेले तीन हंगाम शर्यतीत चालवतो आहे. मागच्या महिन्यात उडीनंतर ती ट्रॅकच्या कडेच्या पाइपवर नाकावर आदळली आणि चॅसिस, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती तळाची प्लेट, पुढे, जिथे ती वरच्या बाजूला वळते, तिथे वाकली. ती चूक माझी होती, गाडीची नव्हती. पुस्तिकेतला पार्ट नंबर बघून मी नवी चॅसिस मागवली. पाकिटावर तोच नंबर, तेच नाव, तेच चित्र. गिअरबॉक्स बसले, शॉक टॉवर बसले, एकही स्क्रू अडला नाही. त्यामुळे भाग बदललेला आहे अशी शंका येण्याचे कारणच नव्हते.

पहिल्याच सरावात गाडी अनोळखी वाटू लागली. आम्ही चालवतो त्या मातीच्या ट्रॅकवर एक लांब डावे वळण आहे. दुपारपर्यंत तिथे खोल चाकोऱ्या पडतात आणि त्यांच्यामध्ये वरंबा उभा राहतो. जुन्या चॅसिसवर या वळणात रिमोटचा ट्रिगर अर्धा दाबून धरला की गाडी चाकोरी पकडून निघून जायची. नव्या चॅसिसवर ती वळणाच्या मध्यावर एकदम बाहेर सरकायला लागली आणि दोनदा गिरकी घेऊन उलट्या तोंडाने उभी राहिली. टायर तेच होते, शॉकमधले तेल तेच, स्प्रिंगही त्याच. माझी मुलगी त्या वळणावर मार्शल म्हणून, म्हणजे उलटलेल्या गाड्या सरळ करायला, उभी होती. ती म्हणाली, "बाबा, गाडी वळते ना, तेव्हा खालून खर्रर्र आवाज येतोय."

घरी येऊन दोन्ही चॅसिस उलट्या करून शेजारी ठेवल्या. जुनीवर तीन हंगामांचे ओरखडे आहेत, पण ते नाकाखाली आणि मधल्या पट्ट्यात, म्हणजे उडीनंतर गाडी टेकते तिथे. नवीवर एकाच दिवसात उजव्या कडेला, मोटरच्या बरोबर बाहेर, काळा अ‍ॅनोडाइज थर उडून चंदेरी पट्टी उमटली होती. बोटभर लांब, ३ मिलीमीटर रुंद. डाव्या वळणात गाडी उजवीकडे कलते, म्हणजे जी कड खाली जाते तीच घासली होती.

मग व्हर्नियर काढला. सर्वांत रुंद जागी जुनी चॅसिस ११८ मिलीमीटर, नवी १३०. जाडी दोन्हींची २.५ मिलीमीटर. चाके धरणाऱ्या आर्मच्या पिव्होटची भोके जागच्या जागी आहेत. बॅटरीचे खाचे मात्र ६ मिलीमीटर बाहेर सरकवलेले आहेत. पाकिटावर, पुस्तिकेत किंवा सेट-अप शीटवर याबद्दल एक अक्षरही नाही.

मी तुम्हाला ई-मेल केला. तुमच्या प्रतिनिधीचे उत्तर आले की रुंद चॅसिस ही 'सुधारणा' आहे, तिने गाडी अधिक स्थिर होते, आणि कड घासत असेल तर राइड हाइट, म्हणजे चॅसिसची जमिनीपासूनची उंची, वाढवावी. हे पत्र मुख्यतः त्या उत्तरासाठी लिहितो आहे, कारण ते चुकीचे आहे आणि ते वाचून माझ्यासारखे इतर ग्राहकही फसतील.

वळणात आतल्या चाकांवरचा किती भार बाहेरच्या चाकांवर जातो, हे वजनाच्या मध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर यांवर ठरते. मधली प्लेट रुंद केल्याने चाके एक मिलीमीटरही लांब जात नाहीत. जाऊ शकणारही नाहीत, कारण शर्यतीच्या नियमांप्रमाणे या वर्गातल्या बग्गीची एकूण रुंदी २५० मिलीमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि तुमची गाडी आधीपासूनच त्या मर्यादेला टेकलेली आहे. आर्म लांब केले असते, पिव्होट हलवले असते, तर रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) आणि कँबर (चाकाचा उभा कल) यांच्या बदलाबद्दल बोलता आले असते. इथे तसे काहीच झालेले नाही. चाकांच्या दृष्टीने गाडी तीच आहे, फक्त तिच्या पोटाची कड बाहेर आली आहे.

आणि ती कडच जमिनीला लागते. गाडी १० अंश कलली तर मध्यापासून ५९ मिलीमीटरवरची कड सुमारे १०.२ मिलीमीटर खाली जाते, ६५ मिलीमीटरवरची सुमारे ११.३. एका मिलीमीटरने काय बिघडते, असे तुमच्या कार्यालयात वाटत असेल. मी २२ मिलीमीटर राइड हाइटवर चालवतो. त्यातून कलण्याचे ११ गेले, चाकोरीत दाबलेल्या सस्पेन्शनचे आणखी काही गेले, की उरतो तो जेमतेम मिलीमीटर-दोन मिलीमीटर. त्यातलाच एक तुम्ही घेतला. शिवाय मागच्या टायरची आतली बाजू आणि चॅसिसची कड यांच्यामधली जागा ६ मिलीमीटरने कमी झाली. चाक चाकोरीत उतरते तेव्हा वरंबा नेमका त्याच जागेत येतो. कड वरंब्यावर टेकली की गाडीचे थोडे वजन टायरवरून उतरून अ‍ॅल्युमिनियमवर येते, आणि अ‍ॅल्युमिनियमला मातीत पकड नसते. त्या क्षणी चालकाने स्टीअरिंगवर काहीही केले तरी उपयोग होत नाही, कारण घसरते आहे ती चॅसिस.

तुमचा राइड हाइटचा सल्ला मी पाळून पाहिला. २२ वरून २४ केली. घासणे कमी झाले हे मान्य. पण वजन वर गेले, गाडी आणखी कलू लागली, ड्राइव्हशाफ्टचे कोन वाढले आणि उडीआधीच्या चढावर, जिथे माती दाबून घट्ट झालेली आहे, तिथे तिने सरळ कोलांटी मारली. कडक स्प्रिंग लावल्या तर कल आटोक्यात आला, पण खडबडीत पट्ट्यात चाके जमीन सोडू लागली. एका कडेसाठी सगळा सेट-अप बिघडवायचा, याला सुधारणा म्हणत नाहीत.

बॅटरी बाहेर सरकवण्याचाही परिणाम आहे. डावीकडून उजवीकडे कलताना वजनाचे जडत्व अंतराच्या वर्गाने वाढते. गाडीच्या मधोमध जाणाऱ्या ड्राइव्हशाफ्टपासून बॅटरीचा मध्य ३२ मिलीमीटरवर होता, तो ३८ वर गेला, म्हणजे जडत्वातला तिचा आडवा वाटा सुमारे १.४ पट झाला. सलग डाव्या-उजव्या वळणांत हे लगेच कळते. पहिल्या वळणातून गाडी वर यायच्या आत दुसरे येते. प्लेटही ताठ झाली आहे. जाडी तीच असताना प्लेटचा पीळ न खाण्याचा गुण रुंदीच्या प्रमाणात वाढतो, इथे सुमारे १० टक्के. भुसभुशीत मातीत चॅसिसने थोडा पीळ खाल्लेला हवाच असतो, कारण त्यानेच चारही टायर जमिनीवर टिकतात.

हे नुसते कागदावरचे हिशेब वाटू नयेत म्हणून एक दिवस यासाठीच दिला. माझ्या शर्यतीतल्या मित्राकडे पहिल्या लॉटची, जुन्या मापाची, न वापरलेली चॅसिस होती. ती मागून घेतली. दोन्ही चॅसिसच्या कडांना पांढरा मार्कर लावला, बाकी गाडी तशीच ठेवली, प्रत्येकीवर दहा-दहा फेऱ्या मारल्या. रुंद चॅसिसची उजवी कड सगळी पुसली गेली, जुन्या मापाचीवर मार्कर जवळजवळ तसाच राहिला. सर्वांत वेगवान फेरी दोन्हींवर सारखीच होती. पण जुन्या मापावर सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ फेरीत ०.४ सेकंदाचा फरक होता, नवीवर १.३ सेकंदांचा. शर्यत एका फेरीची नसते, पाच मिनिटांची असते. चालकाला गाडीवर विसंबता आले पाहिजे, ते या चॅसिसने काढून घेतले आहे.

रुंद चॅसिस वाईटच असते, असे मी म्हणत नाही. कार्पेटवर किंवा सपाट कृत्रिम गवतावर चाकोऱ्या नसतात, कल कमी असतो, आणि रुंद प्लेटवर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे यंत्र), रिसीव्हर, सर्व्हो (स्टीअरिंग फिरवणारी मोटर) एकावर एक न रचता खाली पसरून बसवता येतात. तिथे बॅटरी बाहेर गेल्याने गाडीचा उतावळेपणाही कमी होतो. तिथे चालवणारे ही चॅसिस आवडीने घेतील. त्यांना ती वेगळ्या नावाने, वेगळ्या नंबराने विका. मी मातीवर चालवतो, आणि तुमच्या पुस्तिकेवर विश्वास ठेवून मातीच्या गाडीचा सुटा भाग मागवला होता.

माझ्या मित्राने त्याच्या रुंद चॅसिसच्या कडा कानशीने घासून उतरवल्या. घासणे थांबले, पण साइड गार्डच्या स्क्रूची भोके कडेला आली आणि गार्ड आता हलतात. मी माझ्या चॅसिसला कानस लावलेली नाही. कानशीने घासलेला भाग वॉरंटीत बसत नाही, हे तुमच्या कार्डवर लिहिले आहे. ती जशी आली तशी, उजव्या कडेवरच्या चंदेरी पट्टीसकट, पाकिटात ठेवली आहे.

मला ११८ मिलीमीटर रुंदीची, बॅटरीचे खाचे मूळ जागी असलेली चॅसिस बदलून द्यावी. त्या मापाचा साठा संपला असेल तर ती पुन्हा कधी मिळेल हे लेखी कळवावे, किंवा पूर्ण रक्कम परत करावी. रुंद चॅसिसला स्वतंत्र पार्ट नंबर द्यावा आणि पाकिटावर रुंदी मिलीमीटरमध्ये छापावी. त्या चॅसिससाठी मातीचा आणि कार्पेटचा सेट-अप वेगवेगळा द्यावा, कारण जुन्या शीटवरचे आकडे तिला लागू पडत नाहीत. आणि 'रुंद म्हणजे स्थिर' हे उत्तर ग्राहकांना देणे थांबवावे. नवखा माणूस ते वाचून महिनोन्महिने स्प्रिंग बदलत बसेल आणि दोष स्वतःच्या हातांना देईल.

पुढची शर्यत तीन आठवड्यांवर आहे. मित्राची चॅसिस मला त्याआधी परत करायची आहे, म्हणून पंधरा दिवसांत उत्तर मिळावे ही विनंती.

आपला,
तीन हंगामांचा ग्राहक

सोबत : दोन्ही चॅसिसच्या तळाची छायाचित्रे, व्हर्नियरवरील मापांची छायाचित्रे, पाकिटावरील पार्ट नंबर, खरेदीची पावती, तुमच्या प्रतिनिधीचा ई-मेल.