नौपाड्यातल्या लॅबमधल्या ताईंना, रिकाम्या चौकटीबद्दल

प्रिय ताई,

त्या मंगळवारी तुम्ही थेट माझ्या साहेबांना फोन करू शकला असतात. नंबर तुमच्याकडे होता. पण तुम्ही मला केलात, तोही दुपारची गर्दी ओसरल्यावर. म्हणालात, "अरे, हे आजोबा सकाळी स्वतः जिना चढून आले होते, आणि तुझा रिपोर्ट म्हणतोय पोटॅशियम शून्य." माझी चूक तुम्ही चार भिंतींत ठेवलीत. आभार मात्र मला चारचौघांत मानायचे आहेत.

वाचणाऱ्यांसाठी आधीचं थोडं सांगतो. पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असतं. शून्य असलेला माणूस जिवंत नसतो. तो शून्य मशीनने दिला नव्हता, माझ्या कोडने दिला होता.

त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी लॅबचे रिपोर्ट अडकले होते. ॲनालायझर, म्हणजे रक्त तपासणारं मशीन, त्याच्या फाइलमधून मी टेस्टच्या नावाने आकडा उचलत होतो. एका पेशंटला एक टेस्ट सांगितलेलीच नव्हती, म्हणून ते नाव फाइलमध्ये नव्हतं. पायथनने, म्हणजे माझा कोड ज्या भाषेत आहे तिने, ‘हे नाव सापडत नाही’ असा की-एरर दिला आणि त्याच्या मागचे सगळे रिपोर्ट थांबले. काउंटरवर लोक खोळंबलेले, मी महापेच्या ऑफिसात. घाईघाईत मी पायथनची ‘गेट’ ही आज्ञा वापरली आणि नाव नसेल तर शून्य धरायला सांगितलं. जरा वेळाने पुन्हा अडलं. या वेळी नाव होतं, पण त्यापुढे नल, म्हणजे ‘किंमत नाही’ अशी खूण, होता. ‘गेट’चा डिफॉल्ट नाव गायब असेल तरच लागू होतो, नाव असून किंमत नल असेल, तर तो नल तसाच हातात येतो. मग मी शेवटी ‘ऑर शून्य’ जोडलं, म्हणजे किंमत नसेल तर शून्य घे. रिपोर्ट धडाधड निघाले आणि मी समाधानाने कळव्याला घरी गेलो. अडकलेला रिपोर्ट निदान दिसत तरी होता. माझ्या दुरुस्तीनंतर चूक दिसायचीच बंद झाली.

तुमच्या नजरेतून ती सुटली असती, तर तो कागद सहीसाठी आत गेला असता. मी अजूनही त्यावर फार विचार करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये आलो, तेव्हा बोलणी खायची तयारी ठेवून आलो होतो. तुम्ही स्टूल पुढे केलंत आणि रॅकमधून दोन ट्यूब काढून उजेडात धरल्यात. एकीतलं सीरम फिकट पिवळं, दुसरीतलं लालसर. "हे हिमोलाइज झालंय. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. आकडा येईल, पण खोटा, वाढलेला. म्हणून मी तो भरत नाही, पुन्हा सॅम्पल मागवते." म्हणजे कॉम्प्युटरमधली ती चौकट तुम्ही विचार करून रिकामी ठेवली होती, आणि मी तिथे शून्य ठोकला होता.

नल रेफरन्स संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 मध्ये आल्गॉल डब्ल्यू भाषेसाठी आणला आणि 2009 मध्ये त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, हे मला कॉलेजपासून पाठ होतं. पण नल मुळात येतो कुठून, हे मला तुमच्या त्या रॅकपाशी कळलं.

मग तुम्ही ते लांबलचक रजिस्टर उघडलंत. एकही चौकट कोरी नव्हती. टेस्ट सांगितलेली नसेल तिथे आडवी रेघ. सॅम्पल कमी पडलं तिथे लाल पेनने क्यूएनएस. खराब झालं तिथे तसं लिहिलेलं, वेळेसकट. मशीनवर लागायचं असेल तिथे पेन्सिलीने ‘बाकी’, म्हणजे नंतर खोडता येतं. "कोरी ठेवली की नंतर कुणीतरी मनाने भरतं," तुम्ही सहज म्हणालात. मी तिथे मान खाली घालून बसलो, कारण तो कुणीतरी मीच होतो.

एका ओळीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, ‘0.01 पेक्षा कमी’ होता. मी म्हटलं, हा माझ्याकडे रिकामा येतो, कारण आकड्यात बदलता येत नाही. तुम्ही एकदम गंभीर झालात. "अरे, हा रिकामा कसा? थायरॉइड जास्त चालतोय का, हे डॉक्टर यावरूनच बघतात."

त्या रात्री मी सगळं पुन्हा लिहायला घेतलं. आता प्रत्येक निकालाबरोबर त्याची स्थितीही साठवली जाते: आला, बाकी, नमुना खराब, नमुना कमी, सांगितली नाही. ‘पेक्षा कमी’चं चिन्ह आकड्याशेजारी वेगळं राहतं. बारकोड किंवा पेशंट नंबरच नसेल, तर तेवढी एक नोंद बाजूला काढून तुम्हाला दाखवली जाते, बाकीच्या पुढे जातात.

तरी एकदा चुकलोच. किंमत नसेल तर रेघ छापायला मी पुन्हा ‘ऑर’ वापरलं, आणि तुम्ही विचारलंत, "बेसोफिल कुठे गेले? ते शून्य असतातच की." (बेसोफिल म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी.) पायथनच्या ‘ऑर’ला शून्य आणि नन (पायथनमधला नल) सारखेच, दोन्ही खोटे, म्हणून खऱ्या शून्याच्या जागीही रेघ छापली गेली. आता मी किंमत नन आहे का, एवढंच नेमकं तपासतो.

उपाशीपोटीच्या शुगरची सरासरीही तुमच्यामुळेच सुटली. एका बाईंच्या नोंदी 110 आणि 118, तिसऱ्या वेळी सॅम्पल कमी पडलेलं. माझा शून्य धरून सरासरी 76 येत होती, म्हणजे काठावरची शुगर अगदी नॉर्मल. खरी 114. डेटाबेसमध्ये तिथे नल होता, आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली सरासरी नल आपणहून वगळते. तिला तसंच सोडलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं. मी मध्ये पडून नलचा शून्य केला होता.

तुम्ही नावं झाकून दिलेल्या त्या पानावरच्या अकरा ओळी आता माझ्या कोडची चाचणी घेणाऱ्या फाइलमध्ये आहेत. त्यांत मी गायब नाव, नल, रिकामी ओळ, नुसती स्पेस आणि खरा शून्य, सगळं घातलंय. कोडमध्ये काहीही बदललं की आधी त्या अकरा ओळी चालतात, मगच पुढचं.

ताई, तुम्ही दिवसभर उभ्या असता. त्या दुपारी डबा बाजूला ठेवून तुम्ही पाऊण तास मला दिलात. मनापासून आभार.

गुरुवारी नवीन मशीन जोडायला येतोय. त्याच्या फाइलमध्ये दोन फील्ड अशी आहेत, जी कधी येतात, कधी येत नाहीत. कोडला हात लावलेला नाही. आधी तुमच्याकडे बसतो, ती कधी आणि का रिकामी राहतात ते सांगा.

तुमचा,
कळव्याचा तो मुलगा