वासोट्यावर १०८ पोहोचत नाही

पावसाळा सरला की बामणोलीतून लाँचने कोयना धरणाचे पाणी ओलांडून वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांची रीघ लागते. जंगलात मोबाइलला रेंज नाही, १०८ ची रुग्णवाहिका कोयनेच्या पाण्याअलीकडेच थांबणार. पाय मोडला किंवा साप चावला तर पहिले काही तास माणूस ग्रुप लीडरच्याच हाती. गेल्या हिवाळ्यात एका लीडरने सर्पदंशावर दोरी करकचून बांधली, ब्लेडही काढले. आम्ही कसेबसे थांबवले. पोरगा घाबरला होता, त्याला कुणी शिकवलेच नव्हते. चावलेला हात-पाय हलू न देता रुग्णाला लवकरात लवकर रुग्णालयात न्यायचे, एवढे तरी प्रत्येक लीडरला यायला हवे. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांना प्रथमोपचार प्रशिक्षण सक्तीचे करा. वन खात्याने परवानगी देतानाच प्रमाणपत्र मागावे.

– एक गिर्यारोहक, सातारा